‘असहिष्णू’ : अर्थ आणि प्रयोग

‘असहिष्णू’ हे विशेषण संस्कृतातून मराठीत आले आणि बहुतांशी ग्रंथांतच राहिले. रोहा तालुक्यातील खांबसारख्या गावात दोघांचे बिनसले, तर ‘तो असहिष्णू आहे’ असे सहसा कोणी म्हणणार नाही. ‘त्याला दुसऱ्याचे बरे बघवत नाही’ किंवा ‘तो खपवून घेत नाही’ असे म्हटले जाईल. या दोन वाक्यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘बघवत नाही’ हे शक्यार्थक रूप. त्यात ‘त्याला’ येतो, ‘तो’ येत नाही. न सोसणे ही त्याच्या ठायी घडणारी अवस्था आहे, असे रचनाच सांगते. ‘तो खपवून घेत नाही’ या वाक्यात मात्र कर्ता प्रथमान्त असून कृतीची जबाबदारी त्याच्यावर पडते. ‘सहन होत नाही’ आणि ‘सहन करत नाही’ या जोडीतही असमर्थता आणि नकार असेच वेगळे पडतात.

‘असहिष्णू’ हा भेद पुसून टाकतो. पाणिनीने (३.२.१३६) ‘सह्’ धातूस ‘इष्णुच्’ प्रत्यय सांगितला आहे, तो तच्छील म्हणजे स्वभाव दाखविणाऱ्या प्रत्ययांच्या प्रकरणात. म्हणून हा शब्द कृतीचे नव्हे, शीलाचे वर्णन करतो. दुग्धशर्करेच्या असहिष्णुतेविषयी वैद्य बोलतो तेव्हा तो चपखल बसतो, कारण तेथे प्रश्न शरीराच्या प्रकृतीचाच असतो. (‘असहिष्णू’ दीर्घान्त, पण ‘असहिष्णुता’त णु ऱ्हस्व, हे विद्यार्थी हमखास चुकतात.)

शब्दात आणखी एक गृहीत दडलेले आहे. वैदिक भाषेत ‘सह्’ म्हणजे पराभूत करणे, वरचढ ठरणे. ‘सहस्’ म्हणजे बळ. ‘सोसणे’ हा अर्थ पुढे रूढ झाला, तरी सामाजिक व्यवहारात सहिष्णुतेची अपेक्षा बहुधा वरचढाकडूनच केली जाते. शिवाय जे सोसायचे ते उपद्रवकारक आहे, हेही त्यात मानलेले असते.

खांब ज्या महामार्गावर आहे, त्याच मार्गाने दक्षिणेस गेले की महाड लागते. चवदार तळ्याच्या प्रकरणाला ‘स्पृश्यांची असहिष्णुता’ म्हणण्याची सवय मराठी लेखनात आढळते. ती तपासली पाहिजे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे ठरविले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथे पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव फिरविला. येथे सोसण्याजोगे काय होते? पाणी सार्वजनिक होते. असहिष्णुतेचा आरोप ठेवताना लेखक नकळत मान्य करतो की, ते पाणी पिणे हा इतरांनी सोसावयाचा उपद्रव होता आणि दोष एवढाच की त्यांना तो सोसवला नाही. ठराव फिरविणे हा तर स्वभावही नव्हे. ते सभेत बसून केलेले काम होते. अशा कृतीला मराठीत ‘मज्जाव’ हा नेमका शब्द आहे.

सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले. ‘बहिष्कृत’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्यात कोणाच्या शीलाची चर्चा नाही. कोणावर तरी काही केले गेले आहे आणि म्हणून ते करणारा कोणी आहे, एवढे त्या रूपातूनच निघते. या नावाची व्याकरणिक अचूकता अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अपील फेटाळताना मज्जावाची रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ठरविले. म्हणजे न्यायालयासमोरही वाद रूढीचा व हक्काचा होता, सोशिकपणाचा नव्हता.

२०१५ मध्ये पानसरे व कलबुर्गी यांच्या हत्यांनंतर लेखकांनी पुरस्कार परत केले, तेव्हा वृत्तपत्रांत ‘असहिष्णुता’ हाच मथळा झाला. त्यातही तीच ढिलाई होती. गोळी झाडणाऱ्याला दुसऱ्याचे मत बघवत नसेलही. पण ‘बघवत नाही’ या क्रियापदात खून मावत नाही.