वाढपी ओळखीचा

पुस्तकाला थोरामोठ्यांची प्रस्तावना असली की मला पुस्तकाचीच काळजी वाटू लागते. रायन हूवर यांनी २०१३ साली अमेरिकेत सुरू केलेले 'प्रॉडक्ट हंट' पाहून ती पुन्हा वाटली. तिथे नवी ॲपे-बिपे मांडायची, येणाऱ्याजाणाऱ्याने मत द्यायचे, मते जास्त तो वर. व्यवहार कसा चोख! पण वस्तू करणारा तो 'मेकर' आणि मांडणारा तो 'हंटर'. दोघे एकच असले तरी चालते; पण स्वयंपाक एकाचा आणि वाढायला दुसरा, अशीही सोय आहे. एके काळी नामांकित हंटर वाढायला उभा राहिला, की त्याच्या अनुयायांना आपोआप वर्दी जायची. आजही त्याने कुठे दोन ओळी खरडल्या तरी गर्दी लोटते. मग चव कोण बघतो? वाढपी ओळखीचा ना, झाले!

'मते मागू नका' असा तिथे नियम आहे. अहो, मोठ्या माणसाला ती मागावी कुठे लागतात? वर्षभर खपलेल्या अनोळखी कारागिराने मात्र नियम पाळून गप्प उभे राहायचे. पुस्तकात निदान प्रस्तावनेची पाने उलटून पुढे जाता येते. इथे कॅलिफोर्नियात रात्रीचे बारा वाजले की नवी यादी लागते, आणि तळाशी राहिलेल्याचे खरोखरच बारा वाजतात.