दीक्षित की दिवेकर? वजनाच्या वादात हरवलेला तुलना-गट

पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं की सिनॉप्सिसची घाई सुरू होते. फिजिकल एज्युकेशन, होम सायन्स, समाजशास्त्र, अगदी स्टॅटिस्टिक्सवाल्यांनाही एक विषय हमखास सुचतो: वजन कमी करणं. आहार, व्यायाम, फिटनेसचे ॲप, आता अंग हलवून खेळायचे व्हिडिओ गेम. विषय चांगला आहे. पण त्यावर लिहिण्याआधी आपल्याच महाराष्ट्रात गाजलेला एक वाद नीट उलगडून बघा, असं माझं सांगणं आहे. पुरावा म्हणजे काय आणि काय नाही, हे शिकायला इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

२०१८-१९ च्या सुमारास घराघरांत एकच प्रश्न होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांची योजना थोडक्यात अशी: खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा, एवढंच. या विचाराचं मूळ आपल्याला डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानात सापडलं, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांच्या २००९ च्या इंग्रजी पुस्तकात उठल्यावर लवकर काहीतरी खा आणि मग दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा, असा सल्ला होता. व्हॉट्सॲपवर विनोद फिरले, लग्नाच्या पंगतीत दोन तट पडले. २०१९ मध्ये दीक्षित राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे ब्रँड ॲम्बेसेडर झाले.

या सगळ्या गदारोळात माझ्या मते एक साधा प्रश्न मागे पडला: कशाच्या तुलनेत?

आधी स्पष्टीकरणाकडे बघू. दीक्षितांची मांडणी इन्सुलिनभोवती फिरते. आपण काही खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, ते वारंवार वाढलेलं राहिलं की चरबी साठते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. सारखं थोडं थोडं खा म्हणणाऱ्यांकडेही स्पष्टीकरण तयार असतं: पोट फार वेळ रिकामं राहिलं की चयापचय मंदावतो, मग एकदम जास्त खाल्लं जातं. दोन्ही ऐकायला पटतात. आणि इथेच विद्यार्थ्याने थबकायचं. स्पष्टीकरण पटलं म्हणजे परिणाम सिद्ध झाला, असं होत नाही. एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या दोन सल्ल्यांना जर तितकंच पटणारं शास्त्रीय स्पष्टीकरण देता येत असेल, तर निकाल स्पष्टीकरणाने लागणार नाही हे उघड आहे. उदाहरणार्थ, अन्न पचवायलाही शरीराला ऊर्जा लागते, साधारण खाल्लेल्याच्या दहा टक्के. सहा वेळा खाल्लं तर ही भट्टी सहा वेळा पेटते, हे खरं. पण एकूण अन्न तेवढंच असेल तर दहा टक्केही तेवढेच राहतात.

आता अनुभवांकडे. 'मी तीन महिन्यांत आठ किलो उतरवले' असे मेसेज आपण सगळ्यांनी वाचलेत. ते खोटे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्यातून योजनेचं श्रेय ठरवायला गेलं तर तीन अडचणी येतात. पहिली, ज्यांना जमलं नाही ते गप्प ग्रुपमधून बाहेर पडतात. उरतात ते बोलतात. दुसरी, माणूस योजना सुरू करतो ती वजन किंवा साखर सगळ्यात वाईट असताना. तिथून थोडी सुधारणा काही न करताही होऊ शकते. याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात आणि व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो. तिसरी अडचण सगळ्यात मोठी: एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. जेवणाच्या वेळा कमी झाल्या, चारचा साखरेचा चहा आणि बिस्कीट गेलं, संध्याकाळची भजी गेली, शिवाय रोजचं चालणं सुरू झालं. मग वजन कशाने उतरलं? ५५ मिनिटांच्या नियमाने की बंद झालेल्या चहाने?

हे वेगळं काढायचं असेल तर एकच मार्ग: दोन गट करा, चिठ्ठ्या टाकून माणसं वाटा, एक सोडून बाकी सगळं सारखं ठेवा. असे प्रयोग झालेले आहेत.

प्रागमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. प्रत्येकाने १२ आठवडे दिवसाला दोन मोठी जेवणं घेतली आणि १२ आठवडे सहा छोटी. एकूण कॅलरी दोन्ही वेळी सारख्याच कमी केलेल्या. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहांत २.३. दीक्षितांच्या बाजूने बोलणारा पुरावा आहे, तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. पण पद्धतीचा भाग वाचा: ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवण नव्हतंच. आपल्याकडे 'दोनदा' म्हटलं की बहुतेक घरांत दुपार आणि रात्र उरते. तो प्रयोग आणि आपली सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजू बघा. २०१० मध्ये कॅनडातल्या एका छोट्या प्रयोगात १६ स्थूल व्यक्तींना सारख्याच कॅलरी तीन जेवणांत किंवा तीन जेवणं अधिक तीन वेळचं मधलं खाणं अशा वाटून दिल्या. आठ आठवड्यांनी फरक नाही. अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या २०२० च्या प्रयोगात एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ यातच खाल्लं, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तीन वेळा. १२ आठवड्यांत घट ०.९४ किलो विरुद्ध ०.६८ किलो, म्हणजे सांख्यिकीच्या भाषेत फरक नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला (२०२२). सगळ्यांनी कॅलरी कमी केल्या, अर्ध्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्लं. ८ किलो विरुद्ध ६.३ किलो, हाही फरक योगायोगापलीकडे जाईल इतका ठरला नाही.

या सगळ्यावरून मी काय वाचतो? एकूण खाणं कमी झालं की वजन उतरतं. ते किती वेळांत वाटलं याचा परिणाम असलाच तर छोटा आहे. म्हणजे महाराष्ट्र ज्या प्रश्नावर भांडला, तो मुख्य प्रश्नच नव्हता. मुख्य प्रश्न हा, की कमी खाणं आणि जास्त चालणं कोणत्या नियमाने जास्त दिवस टिकतं.

टिकण्याचा हा प्रश्न व्यायामाच्या खेळांनी फार स्वच्छ दाखवून दिलाय. २०१६ साली पोकेमॉन गो आला. फोन घेऊन रस्त्यावर फिरायचं आणि प्राणी पकडायचे. लोक म्हणाले, लठ्ठपणावर उपाय सापडला! त्याच वर्षअखेर बीएमजेमध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. खेळणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ ने वाढली होती. सहाव्या आठवड्यापर्यंत ती जवळपास पहिल्या जागी आली. २०१२ च्या आणखी एका प्रयोगात ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी हा गेमिंग संच दिला, काहींना नाचायचे-उड्यांचे गेम, काहींना बसून खेळायचे. १३ आठवडे कमरेला यंत्र लावून हालचाल मोजली. दोन्ही गट सारखेच निघाले. पण २०१८ मध्ये ४६ स्थूल मुलांवर झालेला प्रयोग वेगळं सांगतो. तिथे नुसता गेम दिला नव्हता. आठवड्यातून तीनदा घरच्यांसोबत किंवा मित्रासोबत खेळायचं, व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षक बोलणार, पावलं मोजणार. २४ आठवडे मुलं टिकली आणि वयानुसार मोजलेला बीएमआय तुलना-गटापेक्षा सुधारला. गेम तोच प्रकार, भोवतीची माणसं वेगळी.

आता मागे वळून दीक्षितांच्या चळवळीकडे बघा, तिचं खरं बळ दिसेल. नियम एका वाक्यात सांगता येतो. पावडर, पाकीट, महागडं काही विकत घ्यायचं नाही. सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासायला सांगतात. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणारं कुणीतरी असतं. माझा अंदाज असा, की योजना जिथे चालते तिथे इन्सुलिनच्या सिद्धांतापेक्षा हा साधेपणा आणि सोबत जास्त काम करत असावी. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. पण तपासता येण्याजोगा अंदाज आहे आणि पीएच.डी.ला नेमकं तेच लागतं.

'शेवटी वजन उतरतंय ना, मग कारण शोधत कशाला बसायचं?' असं घरचेही विचारतील. कारण चुकीचं धरलं तर नुकसान होतं, म्हणून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहीने डॉक्टरांना न सांगता एक जेवण गाळलं, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. 'दोनदा जेवणं हेच औषध' अशी समजूत झालेल्या माणसाला डोस बदलून घ्यायचं सुचणारच नाही. दुसरं, आपल्याकडे नुसता काटा बघून भागत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आपले दोघांचे आकडे छापले: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. किडकिडीत दिसणाऱ्या शरीरातही चरबी लपते. मग अभ्यासात कमरेचा घेर आणि साखर मोजली नाही, तर निम्मी गोष्ट सुटली.

आता सोलापुरात हा अभ्यास कसा करता येईल ते बघू. घरी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई आणि यंत्रमागावर रात्रपाळीला उभा असलेला कामगार, या दोघांची 'खरी भूक' एका वेळेला लागत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना साडेचार किलोमीटर कधी चालायचं, हा प्रश्न सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटे फिरणाऱ्याला पडत नाही, रात्रपाळी करून आलेल्याला पडतो. ताटाचाही विचार करा. ७० किलोच्या माणसाला ४५ मिनिटांच्या चालण्यात अंदाजे २०० ते २५० कॅलरी लागतात. ४० ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास २२५ असतात. कडक भाकरीसोबत शेंगाची चटणी जरा सढळ हाताने घेतली की चालणं ताटातच फिटलं! जेवणं किती, हे मोजलं आणि चटणी किती, हे मोजलंच नाही, तर काय उपयोग? शिवाय लोक सांगतात त्यावर विसंबून राहू नका. १९९२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात 'कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. त्यात लबाडी असेलच असं नाही, माणसाची आठवण मुळात अशीच असते.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये 'दोन वेळच्या आहाराचा वजनावरील परिणाम : एक अभ्यास' असं लिहू नका. चार गोष्टी लिहा: कोण, काय, कशाच्या तुलनेत, किती दिवसांनी काय मोजणार. उदाहरणार्थ: मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या, विडी वळणाऱ्या ३० ते ५० वयाच्या स्त्रिया; एका गटाला दोन जेवणांचा नियम, दुसऱ्याला तीन जेवणं पण ताटाचं माप ठरलेलं; चालणं आणि आठवड्याचा फोन दोघींकडे सारखा; सहा महिन्यांनी वजन, कमरेचा घेर, एचबीए१सी, आणि किती जणींनी नियम सोडला.

नमुना किती हवा? वजनघटीचं प्रमाण विचलन ४ किलो धरलं आणि दोन गटांत २ किलोंचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळीला प्रत्येक गटात ६३ जणी लागतील. २० टक्के गळती धरून ७९. फरक १ किलोचाच असेल तर आकडा २५१ वर जातो. 'सोयीने मिळालेले ३० जण' घेऊन हा वाद सुटणार नाही, हे गाईडसमोर बसण्याआधी स्वतःला पटवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवर नोंदणी पहिली व्यक्ती घेण्याआधी करा, म्हणजे निकाल बघून मोजमाप बदलायचा मोह उरत नाही.

आणि जी सोडून गेली तिला हिशेबातून वगळू नका. तिने का सोडलं हे विचारायला तिच्या घरी जा. पाळी बदलली, सासूचा उपवास आला, भूक सहन झाली नाही, जे असेल ते लिहून घ्या. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये तिची गोष्ट कधी येत नाही, आणि आपल्या अभ्यासाला तिचीच सगळ्यात जास्त गरज आहे.