मास्क टाकायचा की धुवायचा? एका पेपरची चिकित्सा आणि माझी एक चूक



पेट पास झाली की सिनॉप्सिसच्या घाईत आपल्यापैकी बरेच जण एक चूक करतात. परदेशातला चांगला पेपर सापडतो, त्यातला आकडा उचलायचा आणि आपल्या जिल्ह्याला लावून टाकायचा. मीही तेच केलं होतं. म्हणून आज त्याच पेपरची चिकित्सा करू.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये हा अभ्यास मांडला. ब्रिटनमधल्या प्रत्येकाने वर्षभर रोज एक 'वापरा आणि फेका' मास्क लावला तर काय होईल? उत्तर आलं: ६६,००० टन दूषित प्लास्टिक कचरा, शिवाय ५७,००० टन वेष्टनाचं प्लास्टिक. त्यापेक्षा धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी मास्कचा पर्यावरणावरचा भार बराच कमी.

आता हा आकडा उलटा सोडवून बघा. ब्रिटनची लोकसंख्या ६.७ कोटी धरली तर वर्षाला सुमारे २,४४५ कोटी मास्क होतात. ६६,००० टनांना त्याने भागलं की एका मास्कला २.७ ग्रॅम येतात. म्हणजे हा कचरा कुणी तराजूवर मोजलेला नाही; तो लोकसंख्या, दिवस आणि वजन यांचा गुणाकार आहे. यात लपवाछपवी काही नाही, 'रोज एक' हे गृहीतक पेपरात स्पष्ट आहे. त्याच्याकडे मीच दुर्लक्ष केलं.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,५४,१९६. तोच गुणाकार करून मी 'जिल्ह्यात वर्षाला सुमारे २,४०० टन' असं ठोकून दिलं. सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्या शिरूर अनंतपाळात रोज नवा मास्क कोण लावत होतं रे?"

खरंच, कोण? आमच्या घरी निळा मास्क खुंटीला टांगलेला असायचा. बाजारात जाताना तोंडावर, येताना खिशात, दोरी तुटेपर्यंत तोच. एक मास्क चार दिवस चालला असं धरलं तरी २,४०० चे ६०० टन होतात. एक गृहीतक बदललं आणि निष्कर्ष चौपटीने हलला.

जीवनचक्र मूल्यांकनात, म्हणजे एलसीएमध्ये, याला फंक्शनल युनिट म्हणतात. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं तेच आधी ठरवायला सांगतात: तुलना नेमकी कशाची? 'एक मास्क' विरुद्ध 'एक मास्क' ही तुलना नाही. 'एका माणसाला एक वर्ष मिळालेलं संरक्षण' ही तुलना आहे.

दुसरा मुद्दा धुण्याचा. या अभ्यासात हाताने धुण्यापेक्षा मशीनमध्ये धुणं बरं ठरलं, कारण मशीन वीज घेतं, पण हाताने धुताना एका मास्कमागे पाणी आणि साबण जास्त लागतो. हे वाक्य लातूरकराने दोनदा वाचावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. अशा ठिकाणी धुण्याच्या पाण्याचा हिशोब तळटीपेत ढकलून चालत नाही. पण दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे मास्कसाठी कुणी वेगळी बादली भरत नाही, तो बाकीच्या कपड्यांसोबतच धुतला जातो. मग त्या बादलीतलं किती पाणी मास्कच्या नावावर टाकायचं? याला अ‍ॅलोकेशन म्हणतात, आणि ते घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय ठरणार नाही.

तिसरा मुद्दा संरक्षणाचा. बांगलादेशात ६०० गावांत मास्कचा मोठा प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या स्पष्ट दिसला नाही. त्याच अभ्यासाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत सर्जिकल मास्क साबण-पाण्याने दहा वेळा धुतल्यावरही कापडी मास्कपेक्षा चांगलं गाळत होता. म्हणजे 'फेकायचा' आणि 'धुवायचा' ही दोन खणांची विभागणीच डळमळीत आहे. मास्क डिस्पोजेबल आहे की नाही हे पाकिटावर छापलेलं असतं, पण खरं ठरतं ते वापरणाऱ्याच्या हातात.

शेवटचा टप्पा विल्हेवाटीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सांगितलं होतं की घरातला वापरलेला मास्क कापावा, कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवावा, मग सुक्या कचऱ्यात टाकावा. आमच्या गल्लीत तो पालापाचोळ्यासोबत पेटवला जायचा. मास्क बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच. तो उघड्यावर जाळणं ही वेगळीच शाखा आहे, तिचं मॉडेल वेगळं मांडावं लागेल.

मग लंडनचा पेपर चुकीचा का? अजिबात नाही. धोरण ठरवणाऱ्यांपुढे धोक्याचा आकार ठेवायचा होता, ते काम त्याने केलं, तेही घाईच्या काळात. पण तो ब्रिटनच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपण उत्तर उधार आणलं आणि प्रश्न तिथेच सोडून आलो.

म्हणून एलसीएचा कोणताही पेपर वाचताना वहीत आधी चार ओळी लिहा: एकक काय, वापर किती वेळा धरलाय, धुण्याचं पाणी कुणाच्या खात्यात, आणि शेवटी वस्तू कुठे जाते. चारपैकी ज्या ओळीचं उत्तर आपल्या गावात वेगळं निघेल, तिथे तुमचा रिसर्च गॅप आहे. माझी सिनॉप्सिस दुसऱ्यांदा लिहिताना २,४०० टनांचा तो परिच्छेद मी काढला, आणि त्या जागी घरोघर विचारायच्या बारा प्रश्नांची प्रश्नावली लावली.