वजाबाकीचा आवाज

एमपीथ्रीमुळे संगीताचं किती नुकसान होतं हे दाखवायची एक पद्धत प्रोजेक्टच्या सेमिनारमध्ये हमखास दिसते. मूळ वेव्ह फाइलमधून एमपीथ्री वजा करायची आणि जे उरेल ते स्पीकरवर लावायचं. खरखर, कुजबुज, मध्येच गायकाची भुतासारखी सावली. वर्ग चकित. निष्कर्ष : ‘बघा, इतकं सगळं फेकून दिलं!’

प्रयोग आकर्षक आहे, पण हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. म्हणजे सुमारे १४११ केबीपीएस. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत त्याचा जेमतेम अकरावा भाग उरतो. हे जमतं ते मास्किंगमुळे. मोठ्या आवाजाच्या जवळच्या फ्रिक्वेन्सीतला बारीक आवाज कानाला कळत नाही. म्हणून एन्कोडर तिथे कमी बिट खर्च करतो आणि होणारी चूक त्या मोठ्या आवाजाखाली लपवतो. वजाबाकीत आपण नेमका तो लपवणारा आवाजच काढून टाकतो. मग चूक ऐकू येणारच!

शिवाय एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतो. दोन्ही फाइल नमुन्यागणिक जुळवल्या नाहीत तर उरतो तो निव्वळ सरकण्याचा परिणाम. मी पहिल्यांदा हेच केलं होतं आणि दोन दिवस खूश होतो.

पण म्हणून ‘फरक कळतच नाही’ हेही आळशी विधान आहे. वाजतंय काय, त्यावर सगळं अवलंबून. ब्रांडेनबुर्ग यांनी एमपीथ्री घासूनपुसून घेताना सुझान वेगाचं वाद्यांशिवाय गायलेलं ‘टॉम्स डायनर’ वापरलं. आमच्या नागोठण्याला गणपतीत भजन रंगतं ते पखवाज, पेटी आणि टाळांवर. टाळ एन्कोडरला छळतो. आघात क्षणाचा, पण एन्कोडर सुमारे २६ मिलिसेकंदांची खिडकी एकत्र हाताळतो. त्यामुळे चूक आघाताच्या आधीही पसरते. हाच प्री-इको. आघात ओळखून छोट्या खिडक्या वापरायची सोय आहे, पण त्यांना बिट जास्त लागतात. बिटरेट कमी असेल तर टाळाची आस पाण्याखालून आल्यासारखी सळसळते.

उलट उदाहरण केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम तबकड्यांचं. १२८ केबीपीएसला बरेच एन्कोडर १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग कापतात, म्हणून हळहळणारे भेटतात. त्या तबकड्यांत तिथे गाणं नव्हतंच, फक्त घासण्याचा आवाज होता. आणि खरा त्रास त्या घासण्याचाच, कारण अशी अनियमित खरखर साठवायला एन्कोडरचे बिट जातात आणि ते गळ्याच्या वाट्याचे कमी होतात.

तेव्हा वजाबाकी सोडा, एबीएक्स चाचणी करा. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी, आणि कोणती फाइल वाजतेय हे ऐकणाऱ्याला माहीत नको. १६ पैकी १२ बरोबर येणं निव्वळ अंदाजाने जेमतेम ४ टक्के वेळा घडतं. ९ आले तर काहीच म्हणता येत नाही.

आणि आधी ‘मूळ’ फाइलचा स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा. अशाच एका सेमिनारमधली वेव्ह नेटवरून उतरवून फक्त रूपांतरित केलेली होती. १६ किलोहर्ट्झला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ, वर सगळा अंधार. तासभर एमपीथ्रीची तुलना अगोदरच कॉम्प्रेस झालेल्या फाइलशी चालली होती.