आशेला आधार हवा : ‘चाकाची खुर्ची’च्या निमित्ताने

प्रस्तावना

मराठीत आत्मचरित्राचे दालन समृद्ध आहे. स्त्रियांची, दलितांची, भटक्या-विमुक्तांची आत्मकथने समीक्षेने साक्षेपाने अभ्यासली. तीव्र शारीरिक अपंगत्वासह जगणाऱ्यांच्या आत्मकथनांच्या वाट्याला मात्र बहुधा ‘प्रेरणादायी’ हे एकच विशेषण आले. विशेषण गौरवाचे आहे. पण ते लावले की समीक्षा तेथेच थांबते. जिद्दीची वाखाणणी होते आणि ती जिद्द कशाच्या बळावर टिकली, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्राच्या आधारे हा प्रश्न विचारला असून जळगाव-धुळे परिसरातील अध्यापकांसाठी त्याचा काय अर्थ होतो, हे तपासले आहे.

खुर्ची आणि माणसे

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी नसीमादीदींच्या शरीराचा कमरेखालचा भाग लुळा पडला. या अवस्थेला वैद्यकात पॅराप्लेजिया म्हणतात. हालचालीबरोबर संवेदनाही जाते, मलमूत्रावरील नियंत्रण सुटते, अंथरुणाला खिळल्याने जखमा होतात. अशा देहाला केवळ ‘धीर धर’ असे सांगणे पुरेसे नसते. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. बाबूकाका स्वतः याच व्याधीने ग्रस्त होते आणि तरीही कर्तृत्वाने जगत होते. उपदेश करणारी धडधाकट माणसे भोवती पुष्कळ असतात. आपल्यासारखाच देह घेऊन जगणारा माणूस समोर आल्यावर मात्र ‘हे जगणे शक्य आहे’ याचा पुरावाच हाती येतो. आशेचे पहिले बीज या पुराव्यात आहे.

दुसरा आधार अर्थार्जनाचा. केंद्रीय उत्पादन शुल्क विभागातील नोकरीने त्यांना स्वतःचा पगार आणि समाजात स्थान दिले. तिसरा आधार सहकाऱ्यांचा. 1984 मध्ये कोल्हापूर येथे ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. पुढे ‘घरौंदा’ वसतिगृह, ‘समर्थ विद्यामंदिर’ ही शाळा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजू प्रक्रियेचा ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प असा विस्तार झाला. स्वतःला मिळालेला आधार इतरांसाठी उभा करणे, हे या जीवनाचे प्रयोजन ठरले.

पुस्तकाचे शीर्षक या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यात संकटाचा उल्लेख नाही, विजयाचाही नाही. त्यात एक साधन आहे. लेखिकेच्या स्वातंत्र्याची सुरुवात चाके असलेल्या एका वस्तूपासून होते आणि ही वस्तू दुसऱ्या कोणीतरी घडवलेली असते. रूढ ‘प्रेरणादायी’ वाचन नेमकी ही खुर्चीच विसरते.

संस्थेच्या पलीकडे

याच संस्थेत राहिलेल्या सोनाली नवांगुळ यांचे उदाहरण या विवेचनाला पुढे नेते. वयाच्या नवव्या वर्षी बैलगाडीच्या अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली. कालांतराने संस्थेचे सुरक्षित छत्र सोडून त्यांनी कोल्हापुरात स्वतंत्र घर केले आणि लेखन हाच व्यवसाय मानला. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा 2020 चा अनुवाद पुरस्कार मिळाला. येथे प्रयोजनाची कल्पनाच बदलते. अपंग व्यक्तीने समाजसेवा केली तरच तिचे जगणे सार्थ, अशी एक अव्यक्त अपेक्षा आपण बाळगतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेनुसार, आवडीचे काम करीत जगणे हेही पुरेसे प्रयोजन आहे. ही मोकळीक आपण धडधाकट माणसाला न मागता देतो.

खानदेशची साक्ष

आधार घेतल्याने कर्तृत्व उणे होते काय? खानदेशच्या वाङ्मयीन परंपरेत याचे उत्तर आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली, म्हणून 1952 मध्ये ती ग्रंथरूपाने आली. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. दोन्ही उदाहरणे अपंगत्वाची नाहीत. पण लिहिणारा हात दुसऱ्याचा असला तरी निर्मिती ज्याची त्याचीच राहते, हे ती निर्विवादपणे सांगतात. जळगावच्या विद्यापीठाला आज बहिणाबाईंचेच नाव आहे. त्या विद्यापीठाच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहणे म्हणूनच विसंगत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात लेखनिकाची सोय ही मेहेरबानी नसून समानतेचा भाग आहे, अशीच भूमिका घेतली.

जळगाव येथील दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प याच दिशेचा आहे. अपंग तरुणांना निवास, अनुकूल साधने आणि स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन एकत्र मिळाले की ‘मनोबल’ हा गुण केवळ मनाचा राहत नाही, हे तेथे दिसते.

अध्यापकांपुढील प्रश्न

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखीव केल्या आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले. तरीही मराठीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही आणि स्वच्छतागृहाचे दार खुर्चीपेक्षा अरुंद, अशी स्थिती असेल तर त्या वर्गात ‘चाकाची खुर्ची’ शिकवण्याला काय अर्थ उरतो? अशा वेळी ‘प्रेरणादायी’ हा शब्द सोयीचा ठरतो. सारी जबाबदारी तो विद्यार्थ्याच्या जिद्दीवर टाकतो आणि संस्थेला मोकळे करतो. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हटल्याने सन्मानाची भावना व्यक्त होते. परंतु पायरी शब्दाने सपाट होत नाही.

समारोप

या आत्मकथनांतील जिद्द खरी आहे. तिला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. मात्र त्या जिद्दीला आधी कोणीतरी वाट दाखवली, खुर्ची दिली, नोकरी दिली. आशा ही व्यक्तीच्या अंतःकरणात उगवते हे मान्य केले, तरी तिला लागणारी जमीन समाजाने तयार करायची असते. ही आत्मकथने अभ्यासक्रमात जरूर असावीत. ती शिकवताना नायिकेने काय सोसले, याबरोबरच तिला कोणी काय दिले आणि कोणी काय नाकारले, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या महाविद्यालयाची इमारतही पाठ्यवस्तू ठरेल आणि तिचेही परखड वाचन करावे लागेल.