साथीच्या कादंबरीतील पायवाट

साथीच्या रोगावरील कादंबऱ्यांचा विचार होऊ लागला म्हणजे मृत्यू, भय, ईश्वर आणि राज्यव्यवस्था या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. या कादंबऱ्यांतील माणसे चालतात, घर सोडून रानाची वाट धरतात, ही गोष्ट मात्र टीकाकार बहुधा प्रासंगिक समजून ओलांडून जातात. आम्हांस ती मध्यवर्ती वाटते. रोग माणसाला घरात कोंडतो. म्हणून या वाङ्मयात उंबरठ्याबाहेर टाकलेल्या प्रत्येक पावलाला एरवी नसलेला अर्थ प्राप्त होतो. चालणारा कोणापासून दूर जातो आणि वाटेत त्याला कोण भेटते, या दोन प्रश्नांनी लेखकाच्या जीवनदृष्टीची परीक्षा घेता येते. तीन भिन्न काळांतील तीन कृती घेऊन ती आम्ही येथे करून पाहणार आहोत.

पहिली कृती डॅनियल डीफो याची. ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ हे त्याचे पुस्तक १७२२ साली प्रसिद्ध झाले. १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगची हकीकत त्यात एका खोगीरविक्याच्या तोंडून सांगितली आहे. या हकीकतीत तीन कारागिरांची एक कथा येते. एक बिस्किटे भाजणारा, पूर्वी शिपाईगिरी केलेला, दुसरा पायाने अधू असा शिडे शिवणारा, तिसरा सुतार. काम बंद पडले, निवारा जाणार, तेव्हा हे तिघे शहर सोडून निघतात. वॉल्थमस्टो येथील लोक त्यांची वाट अडवितात. शिपाईगिरी केलेला गडी त्यांच्याशी हुज्जत घालतो, रस्ता सर्वांचा आहे असे बजावतो आणि युक्तीने गावाकडून शिधा मिळवितो. पुढे ही माणसे एपिंगच्या रानात मुक्काम करतात. या भागात निसर्गवर्णन म्हणून वेगळे काढून दाखवावे असे फारसे काही नाही. रान येते ते सरपणाच्या, पावसापासून आडोशाच्या आणि राहुटी ठोकण्याजोग्या जमिनीच्या रूपाने. उपाशी माणसाला रान जसे दिसेल तसेच डीफोने ते दाखविले आहे.

दुसरी कृती आमच्या शेजारच्या भाषेतील आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कन्नड कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. दुर्वासपूर या अग्रहारात नारणप्पा नावाचा आचारभ्रष्ट ब्राह्मण मरतो आणि त्याचे प्रेतसंस्कार कोणी करावेत या प्रश्नावर सारा अग्रहार अडून बसतो. उंदीर मरून पडतात, घरांवर गिधाडे उतरतात. पण धर्मशास्त्राच्या पोथ्यांत गुंतलेल्या मंडळींना प्लेग ओळखता येत नाही. पंडित प्राणेशाचार्य निर्णयासाठी रानातील मारुतीच्या देवळात जातात. देव कौल देत नाही. परतीच्या अंधारात त्यांना नारणप्पाची चंद्री भेटते आणि त्यांचे सारे व्रतस्थ आयुष्य एका रात्रीत उलटून जाते. पुढे पत्नी प्लेगने दगावते. तिला अग्नी देऊन आचार्य पाय नेतील तिकडे चालू लागतात.

या चालण्यातच कादंबरीचे मर्म आहे. आचार्यांना एकांत हवा असतो. परंतु पुट्टा नावाचा बडबड्या वाटसरू त्यांच्या पाठीस लागतो आणि काही केल्या सुटत नाही. रानाची वाट त्यांना मेळिगेच्या जत्रेत आणून सोडते. तेथे सुतकात असूनही ते देवळातील पंक्तीला बसतात आणि ओळखले जाण्याच्या भीतीने गांगरतात. आपण केले ते अग्रहारासमोर सांगावे की नाही, हा प्रश्न घेऊन अखेर ते परत फिरतात. मलनाडातील अरण्य अनंतमूर्तींनी उत्कटतेने रंगविले आहे. पण त्या अरण्याला त्यांनी प्रायश्चित्ताची जागा होऊ दिलेले नाही. माणसांविषयीचे ऋण झाडांपाशी फेडता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तिसरी कृती अगदी अलीकडची. सारा मॉस या इंग्रज लेखिकेची ‘द फेल’ ही कादंबरी २०२१ साली निघाली. नोव्हेंबर २०२० मधील एका संध्याकाळी आणि रात्री तिचे कथानक घडते. केट ही स्त्री मुलासह घरी विलगीकरणात आहे. कोंडलेपण असह्य होऊन ती नियम मोडते आणि पीक डिस्ट्रिक्टमधील ओळखीच्या डोंगरावर चढते. अंधार पडतो, ती घसरून जखमी होते. घरी मुलगा वाट पाहत असतो, शेजारची आजारी वृद्धा अस्वस्थ होते आणि बचावपथकातील रॉब आपली रात्र सोडून तिच्या शोधार्थ निघतो. केटच्या मोकळ्या हवेच्या तहानेविषयी लेखिकेला पूर्ण सहानुभूती आहे. तरीही त्या एका फेरफटक्याची किंमत किती जणांनी मोजली याचा हिशेब ती चुकवीत नाही. या कादंबरीचे बळ त्या हिशेबात आहे. मात्र केटच्या पाठीशी परत जायला घर आहे. ज्याला घरच गाठायचे आहे त्याचे चालणे या चित्रात मावत नाही.

त्या चालण्याचे चित्र पाहावयाचे तर तीनशे वर्षे मागे, डीफोच्या तीन कारागिरांकडेच जावे लागते, हे आम्हांस विचार करावयास लावणारे वाटते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि आपल्या देशात लक्षावधी मजूर शहरे सोडून पायी निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. या चालण्यावर उद्या जो कादंबरी लिहील त्याला निर्मळ आकाश आणि गावात उतरलेले मोर पुरणार नाहीत. त्याला पाणी कोठे मिळाले, सावली कोठे होती, कोणत्या गावाने वाट अडविली आणि कोणी भाकरी दिली, हे लिहावे लागेल.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. शाळा पुन्हा उघडल्यावर आम्ही वरच्या वर्गाला ‘टाळेबंदीतील निसर्ग’ असा निबंध घातला होता. पक्ष्यांच्या किलबिलाटाची वर्णने आली आणि त्यांना आम्ही सढळ हाताने गुण दिले. त्याच गठ्ठ्यात एका मुलाने, वडील चार दिवस चालत घरी आले, वाटेत एका विहिरीवर लोकांनी पाणी भरू दिले नाही आणि दुसऱ्या गावात चिंचेखाली बसवून जेवू घातले, एवढेच आठ ओळींत लिहिले होते. निसर्गवर्णन नाही, असा शेरा मारून आम्ही त्याचे गुण कापले. आज डीफो पुन्हा वाचताना तो शेरा आम्हांस बोचतो. विहीर आणि चिंच याहून अधिक निसर्ग त्या विषयाला कोणता हवा होता?

साथीच्या वाङ्मयातील निसर्ग चालणाऱ्याच्या पायांनी मोजला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. वर्गात या कादंबऱ्यांविषयी बोलताना, अथवा मुलांचे निबंध तपासताना, आमच्या शिक्षकबंधुभगिनींनी हे माप एकदा लावून पाहावे, अशी विनंती करून आम्ही हे विवेचन पुरे करतो.