रेड हाऊस : विटांची वास्तू आणि आद्यत्वाचा प्रश्न

फिलिप वेब याने विल्यम मॉरिससाठी केंट परगण्यातील बेक्सलीहीथ येथे १८५९-६० मध्ये बांधलेले ‘रेड हाऊस’ हे आधुनिक गृहरचनेचे आद्य उदाहरण होय, ही समजूत मुख्यतः हेर्मान मुथेझियुसच्या इंग्लिश घरांवरील ग्रंथामुळे (१९०४-०५) रूढ झाली. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गिलाव्याचा आडपडदा न ठेवता उघडी राखलेली तांबडी वीट, लाल कौलांची उभट छपरे, इंग्रजी एल् अक्षरासारखा आराखडा, त्याच्या कुशीत शंकूच्या आकाराचे छप्पर ल्यालेली विहीर : या रचनेतील प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. पण तो वेबचा शोध नव्हे. बटरफील्ड आणि स्ट्रीट यांनी धर्मोपदेशकांसाठी बांधलेल्या निवासस्थानांत तो आधीच दिसतो, आणि वेब व मॉरिस हे दोघेही स्ट्रीटच्याच कार्यालयात उमेदवारी केलेले. वेबचे खरे कर्तृत्व निराळे आहे. धर्मसंस्थेच्या आश्रयाने वाढलेली ही भाषा त्याने एका तरुण कलावंताच्या ऐहिक संसारासाठी वापरली. खिडक्यांची जागा व आकार त्याने दर्शनी समतोलावरून न ठरवता आतील खोलीच्या गरजेवरून ठरविले. टोकदार गॉथिक कमानीखाली अठराव्या शतकातील वरखाली सरकणाऱ्या तावदानांची खिडकी बसविण्यासही तो कचरला नाही. शैलीच्या शुद्धतेविषयीची ही बेफिकिरी विटेच्या प्रामाणिकपणापेक्षा अधिक ‘आधुनिक’ म्हणावी लागेल.

मात्र उपयुक्ततेच्या कसोटीवर ही वास्तू सर्वस्वी उतरत नाही. मुख्य दालने उत्तराभिमुख असून थंड. ऊन मिळते ते बागेकडील मार्गिकांना. इंग्लंडच्या हवामानात हा दोष किरकोळ नाही, आणि आद्यत्वाचे गोडवे गाणारे समीक्षक तो सहसा विसरतात. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिसच्या सजावट-संस्थेला या घराच्या सजावटीतून चालना मिळाली, हे खरे. परंतु बर्न-जोन्स कुटुंबासाठी दुसरा भाग जोडून चौक पुरा करण्याचा बेत फसला आणि १८६५ मध्ये मॉरिसने घर सोडले.

१९५२ पासून वास्तुविशारद एडवर्ड हॉलंबी यांच्या कुटुंबाने येथे वास्तव्य करून घर जपले; २००३ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१३ मध्ये एका शयनगृहातील कपाटामागे मॉरिस-मंडळींचे भित्तिचित्र उघडकीस आले. विटांकडेच पाहणाऱ्या समीक्षेने अशा रंगविलेल्या भिंतींना आजवर फारच थोडी जागा दिली आहे.